हात घालायचा नाही ओतायचं

वेलांटीकाकांच्या नजरेतून चूक सुटत नाही! हे त्यांना स्वतःला ठाऊक होतं, छापखान्यातल्या सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांना काका स्वतः गाठून सांगत. शाळेची पुस्तकं छापणाऱ्या छापखान्यात ते एकतीस वर्षं मुद्रितशोधक होते. छापायला जाण्याआधी पान न् पान वाचायचं आणि लाल पेनाने त्यातल्या चुका वेचून काढायच्या, हे त्यांचं काम. ऱ्हस्व वेलांटीची दीर्घ आणि दीर्घाची ऱ्हस्व करण्यात सगळी हयात गेली, म्हणून हे नाव पडलं. खिशात लाल पेन नसलं की त्यांना अंगात सदरा नसल्यासारखं वाटे. औषधाच्या बाटल्या, दुकानांच्या पाट्या, लिफ्टमधल्या सूचना, काही म्हणजे काही त्यांच्या तावडीतून सुटत नसे. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याने एकदा त्यांना रागारागाने चिठ्ठी लिहिली होती. काकांनी ती सात ठिकाणी दुरुस्त करून परत पाठवली. शेजारी अजून बोलत नाही.

असा माणूस कलावर्गात गेलाच कशाला? तर काकूंनी नेला म्हणून! काकूंचं कपडे शिवायचं दुकान होतं. एक दिवस कात्री खाली ठेवून त्या म्हणाल्या, "जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्यात. आता स्वतः काहीतरी करा, आणि मला काढू द्या!"

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरच्या मोठ्या खोलीत दर शनिवारी दुपारी हा वर्ग भरे. शिकवणाऱ्या बाई तिशीच्या, शिल्पकार, सतत घाईत आणि सतत हातांना माती लागलेल्या. त्यांनी वर्गाचे गट पाडले आणि प्रत्येक गटाला मिश्र माध्यमातलं एक सामूहिक शिल्प करायला सांगितलं. म्हणजे सगळ्यांनी मिळून एकच वस्तू करायची, आणि ती प्लास्टर, तार, कापड, कागद, मिळेल त्या सगळ्याची करायची. काकांच्या गटात तिघंच होते. काका, काकू आणि घड्याळजी.

घड्याळजींचं चौकात घड्याळदुरुस्तीचं दुकान. माणूस किडकिडीत, भिडस्त, आणि आवाज असा की समोरच्याने "काय?" म्हणून दोनदा विचारावं. साऱ्या देहात त्यांना किंमत फक्त आपल्या बोटांची होती. मुगाएवढे स्क्रू धरायचे तर बोटं मऊ हवीत, म्हणून ते रोज दोन वेळा हातांना क्रीम चोळत आणि घट्ट झाकणाची बाटली कधी स्वतः उघडत नसत.

तिघांनी मिळून ठरवलं होतं 'हातांचं झाड'. एकमेकांत गुंतलेले तीन प्लास्टरचे हात म्हणजे खोड. त्यातून तारांच्या फांद्या. घड्याळजींकडची मोडकी चक्रं म्हणजे पानं, छापखान्यातले रद्दी कागद म्हणजे साल, काकूंच्या दुकानातल्या चिंध्या म्हणजे मुळं. कल्पना झकास होती. पण संकल्पनेवर अर्धं पान लिहून द्यायचं होतं, आणि ते काका तीन शनिवार तपासत बसले होते. त्यामुळे बाकीच्या गटांची शिल्पं उभी राहून वाळली, तरी हातांच्या झाडाला अजून एक बोटही फुटलं नव्हतं. रविवारी तर खाली वाचनालयात प्रदर्शन! म्हणून बाईंनी या तिघांना शनिवारी वर्गाच्या दीड तास आधी बोलावून घेतलं.

तिघं आले तेव्हा बाई पायात चप्पल सरकवत होत्या.

"काका, तार संपलीय, मी घेऊन येते. तुम्ही सुरू करा. दोन डबे ठेवलेत, दोन्हीत पांढरी पावडर आहे, पण वेगवेगळी हं! एक साच्याची. ती पाण्यात कालवायची, हाताला व्हॅसलिन लावायचं, तिघांनी हात एकमेकांत गुंतवून बादलीत घालायचे. पाच मिनिटांत रबरासारखं जमतं. मग हात अलगद बाहेर. आत जी पोकळी राहील ना, तिच्यात दुसऱ्या डब्यातलं प्लास्टर मी आल्यावर ओतू. डब्यांवर लिहिलंय सगळं!"

आणि बाई जिना उतरून गेल्यासुद्धा.

काकांनी चष्मा लावला आणि डब्यांकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावर आठी पडली. डब्यांवरचे छापील कागद फाटले होते, पाण्याच्या प्रमाणाची ओळ तेवढी शाबूत होती. पहिल्या डब्यावर बाईंनी घाईघाईत निळ्या पेनाने लिहिलं होतं,

यात हात घालायचा नाही ओतायचं

आणि दुसऱ्यावर,

यात ओतायचं नाही हात घालायचा

"विरामचिन्ह नाही!" काका कळवळले. "एकही नाही! अगं, हे वाचायचं कसं माणसाने?"

"मला तर कळतंय," काकू व्हॅसलिनची डबी उघडत म्हणाल्या.

"काय कळतंय? सांग बरं!"

काकूंनी डब्यांकडे पाहिलं. एकदा या, एकदा त्या. "आत्ता कळत होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही विचारलंत आणि गेलं."

"बाईंना फोन करून विचारूया का?" घड्याळजी पुटपुटले.

"काय?"

"फोन. बाईंना."

"फोन?" काका ताठ झाले. "एकतीस वर्षं पाठ्यपुस्तकं तपासली मी! पाच लाख मुलं माझे स्वल्पविराम वाचून पास झालीत! आणि दोन ओळींसाठी फोन करू? अहो, नियम आहे साधा. सूचना लिहिताना काय करायचं ते आधी लिहितात, काय करायचं नाही ते नंतर. होकार आधी, नकार मागून. झालं!"

त्यांनी खिशातून लाल पेन काढलं आणि दोन्ही डब्यांवर एकेक सुबक, शेपटीदार स्वल्पविराम आणि शेवटी पूर्णविराम दिला. आता पहिल्या डब्यावर होतं, 'यात हात घालायचा, नाही ओतायचं.' आणि दुसऱ्यावर, 'यात ओतायचं, नाही हात घालायचा.' कुठे म्हणून शंकेला जागा राहिली नाही! मजकूर निर्दोष झाला, स्वच्छ झाला, आणि बाईंना म्हणायचं होतं त्याच्या बरोब्बर उलटा झाला.

काकांनी पहिला डबा बादलीत रिकामा केला. पाणी मोजून घातलं. काकू काठीने ढवळायला लागल्या.

"फार घट्ट होतंय हो हे."

"प्रमाण आहे ते! छापलंय डब्यावर!"

"छापू दे. माझ्या हाताला कळतं," म्हणून काकूंनी आणखी दोन मग पाणी ओतलं. काकांना ते मुळीच आवडलं नाही. पण ढवळणारा हात काकूंचा होता, आणि काठीही त्यांच्याच हातात होती.

मनगटाच्या वरपर्यंत व्हॅसलिन थापून तिघं स्टुलावरच्या बादलीभोवती उभे राहिले आणि तिघांनी उजवे हात आत घातले. थंडगार, दुधासारखं, बरं वाटलं. आत तिघं थोडे चाचपडले. काकू म्हणाल्या, "थांबा, माझी बोटं वर येतायत, जरा सरकते." मग सगळं स्थिर झालं. काकांच्या तळहातात एक हात अलगद येऊन बसला, आणि काका चकितच झाले. इतका मऊ! दिवसभर कात्री चालवणाऱ्या बाईचा हात, आणि इतका मऊ! आपण कितीतरी वर्षांत हिचा हात हातात धरलेला नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांना स्वतःचीच शरम वाटली. त्यांनी अंगठ्याने तो हात हलकेच कुरवाळला. समोर घड्याळजी एकदम खोकले.

"पाच मिनिटं झाली," थोड्या वेळाने घड्याळजी म्हणाले. घड्याळाच्या बाबतीत त्यांच्यावर विश्वास ठेवायला हरकत नव्हती.

"पातळच आहे अजून," काकू म्हणाल्या.

"होणारच! दोन मग पाणी कोणी वाढवलं?" काकांनी संधी साधली. "आता थांबा आणखी दहा मिनिटं."

आणि तिघं थांबले! हात काढायची मोकळीक असताना, दरवाजा उघडा असताना, तिघं शहाणीसुरती माणसं चेहऱ्यावरचा भाव न बदलता उभी राहिली. दहाव्या मिनिटाला बादलीतलं दूध दह्यासारखं झालं. पंधराव्या मिनिटाला घड्याळजींनी नाक खाजवायला चुकून उजवा हात उचलला, आणि त्यांच्याबरोबर काका, काकू आणि बादलीही उचलली गेली.

"जमलं!" काका म्हणाले. "चला, अलगद बाहेर!"

अलगद काही बाहेर आलं नाही. जोरानेही आलं नाही. तिघांनी "एक, दोन, तीन" म्हणून ओढलं तेव्हा काकूंचा खांदा कटकन वाजला, आणि तिघं होते तिथेच राहिले.

"रबर जरा कडक आहे," काका म्हणाले.

"अहो," काकू म्हणाल्या, "हे गरम का लागतंय?"

"तीन माणसांची ऊब आहे."

"इतकी?"

काकांनाही लागत होतं. आधी कोमट, मग आंघोळीच्या पाण्याएवढं. त्यांनी बादलीला डावा हात लावून पाहिला. प्लास्टिक बाहेरूनसुद्धा तापलं होतं! घड्याळजींनी तर डोळेच मिटून घेतले होते, आणि त्यांचे ओठ हलत होते.

"काय म्हणताय?"

"बोटं मोजतोय," घड्याळजी म्हणाले. "आतल्या आत. चार लागतायत."

मग मात्र काकांचं धाबं दणाणलं. बादलीतून निघालेले तीन थोटे हात त्यांना दिसायला लागले. घड्याळजींच्या दुकानाला कायमचं कुलूप दिसलं. हा दगड कधी निघालाच नाही तर? तर जन्मभर तिघांनी असंच राहायचं? एका पलंगावर? मधे बादली? आणि घड्याळजी घोरत असले तर? हे सगळं त्यांनी एका दमात पाहून घेतलं. पण मग त्यांची नजर काकूंच्या हातावर गेली, म्हणजे बादलीच्या बाहेर दिसणाऱ्या मनगटावर. मनगट लाल झालं होतं. त्या हाताने काकूंनी तीस वर्षं कापड बेतलं. काकांचा छापखाना दीड वर्ष बंद पडला होता, तेव्हा घर चाललं ते त्याच हातावर. या हाताला काही झालं तर? बाकी सगळी भीती कुठच्या कुठे गेली आणि ही एकच उरली. काका लटलट कापायला लागले. काका कापले की बादली हाले, आणि बादली हलली की घड्याळजी किंचाळत.

"फोन लावा!" काकू ओरडल्या.

काकांचा फोन होता त्यांच्या पँटच्या उजव्या खिशात. डावा हात कितीही वळवला तरी तिथे पोचेना. काकूंचा फोन दारामागच्या पिशवीत. घड्याळजींचा खिडकीजवळच्या टेबलावर. तिघांनी तीन डाव्या हातांनी बादली उचलली आणि खेकड्यासारखे आडवे आडवे चालत टेबलापर्यंत गेले. वाटेत एका गटाचा तारेचा मोर आडवा झाला. त्याच्याकडे बघायला कोणाला सवड होती!

घड्याळजींनी फोन लावला आणि काकांच्या तोंडापुढे धरला.

"बाई, ते रबर जरा दगडासारखं लागतंय," काका म्हणाले.

"रबर दगडासारखं कसं लागेल, काका?"

"आणि गरम आहे."

मग बाई फार सावकाश बोलल्या. "कोणता डबा घेतलात? त्यावरचं वाचा बघू मला."

काकांनी मान वळवून लांबूनच वाचलं. छापखान्यात मोठ्याने वाचताना विरामचिन्हंही उच्चारायची असतात. ती सवय हाडात मुरलेली. ते खणखणीत आवाजात म्हणाले, "यात हात घालायचा स्वल्पविराम नाही ओतायचं पूर्णविराम."

"स्वल्पविराम?" बाई किंचाळल्या. "मी कुठे दिला स्वल्पविराम? काका, ते प्लास्टर आहे! ते जमताना तापतं! हात भाजतात त्याने! बादलीत गार पाणी ओता, भरपूर ओता, ओतत राहा! मी आलेच!"

फोन बंद झाला. मग घड्याळजींनी डब्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "तो स्वल्पविराम लाल आहे ना हो?"

काकूंनी फक्त काकांच्या खिशातल्या पेनाकडे पाहिलं, आणि मग बादली ओढत बेसिनकडे निघाल्या. बादलीमागून काका आणि घड्याळजी निघाले, कारण त्यांना दुसरा इलाजच नव्हता. बेसिनपाशी बादली टेकवून काकू पाठमोऱ्या वळल्या आणि डाव्या हाताने मगामागून मग पाणी ओतायला लागल्या. नळाचा आवाज मोठा, वरून बादलीवर पडणाऱ्या पाण्याचा आवाज त्याहून मोठा. त्यांचं तोंड काकांना दिसत नव्हतं. आणि ते न दिसणं काकांना प्लास्टरपेक्षा जास्त चटका देत होतं.

"अगं," काका म्हणाले. "चूक माझी आहे."

हे वाक्य त्यांनी आयुष्यात कधी उच्चारलं नव्हतं. कुठे कसा जोर द्यायचा तेही त्यांना नीट जमलं नाही.

"बाईंचं बरोबर होतं. मला काय गरज होती तिथे पेन लावायची? मला सगळीकडे चुकाच दिसतात. तुझ्या हाताला काही झालं ना, तर मी..." डोळ्यांतलं पाणी चष्म्यावर आलं, आणि पुसायचा हात बादलीत. "तू बोलू नकोस. बोलायची इच्छा नसेल तुला. पण माफ केलं असशील तर नुसता हात दाब. मला कळेल."

ते श्वास रोखून उभे राहिले. हाताला हात घट्ट चिकटलेले होते म्हणून तळहातांमध्ये प्लास्टर शिरलं नव्हतं. बोट हलवण्यापुरती जागा तेवढी होती. एक क्षण गेला, दोन गेले. आणि मग त्या मऊ, गरम हाताने त्यांचा हात दाबला. एकदा. थांबून आणखी एकदा. मग तिसऱ्यांदा, अगदी कळकळीने!

काका हुंदका देऊन रडले. भीती होतीच, पण आता ती दोघांची होती. हात गेला तरी चालेल, पण दोघांचे बरोबर जातील, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं. त्यांनी उलट तीन वेळा हात दाबला. नळ वाहत होता, काकू ओतत होत्या, आणि घड्याळजी छताकडे बघत होते.

जिन्यावर धाडधाड पावलं वाजली आणि बाई आल्या. त्यांनी तार फेकली, खणातून पत्रा कापायची कात्री, छिन्नी आणि लाकडी हातोडा काढला. छिन्नी पाहून घड्याळजींचे पायच गेले. ते खाली बसायला निघाले तशी काका आणि काकूही वाकली.

"कोणीही हलायचं नाही!" बाई म्हणाल्या. ही सूचना मात्र सगळ्यांना एकदम कळली.

बाईंनी बादली उभी चिरून सोलून काढली. आत पांढराशुभ्र गोळा, त्यात तीन मनगटं रोवलेली. त्यांनी छिन्नी टेकवली. काकांनी जीव मुठीत धरला. ठक्! ठक्! तिसऱ्या ठोक्याला वरचा तुकडा बिस्किटासारखा मोडला.

"पाणी कोणी जास्त घातलं यात?" बाईंनी विचारलं.

"मी," काकू म्हणाल्या. "दोन मग."

"काकू, तुमच्यामुळे वाचलात तुम्ही सगळे! प्रमाणात असतं ना, तर आत्ता आपण दवाखान्यात असतो. पातळ होतं म्हणून कमी तापलं, आणि कच्चंही राहिलं."

छापलेलं प्रमाण मोडलं म्हणून आनंद व्हावा, असं काकांच्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं. बाईंनी आणखी दोन ठोके दिले, वरची कड सुटून खाली पडली, आणि काकूंचा हात बाहेर आला. लालबुंद, व्हॅसलिनने माखलेला, पण सबंध! फोड नाही, काही नाही. काकूंनी पाचही बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली.

"आली का पाचही?" काकांनी विचारलं.

"आली."

"देवा!" काकांनी डोळे मिटले. अंगातली सगळी भीती पायांतून निघून जमिनीत गेल्यासारखं त्यांना वाटलं. त्यांनी सुटकेने हातातला हात पुन्हा एकदा दाबला.

हातातल्या हातानेही त्यांचा हात दाबला.

काकांनी डोळे उघडले. काकू समोर उभ्या होत्या. त्यांचा उजवा हात हवेत होता आणि त्या त्याच्यावर फुंकर घालत होत्या. काकांनी खाली पाहिलं. उरलेल्या गोळ्यात दोनच मनगटं होती. एक त्यांचं स्वतःचं. दुसऱ्या मनगटावरून त्यांची नजर सावकाश वर गेली. कोपर, दंड, खांदा. आणि वर घड्याळजींचा चेहरा, कानापर्यंत लाल झालेला.

"तुम्ही?" काकांना एवढंच म्हणवलं.

"तुम्ही इतके रडवेले झाला होतात," घड्याळजी पुटपुटले. "म्हटलं, कोणीतरी दाबायला हवा."

"तीनदा?"

"पहिल्या दोन वेळा तुम्ही रडायचं थांबला नाहीत."

बाईंनी हातोडा खाली ठेवला आणि त्या तोंड फिरवून खिडकीबाहेर बघायला लागल्या. त्यांचे खांदे हलत होते.

"अगं, मग तू?" काका काकूंकडे वळले. वळले म्हणजे घड्याळजींना घेऊन वळले. "तू मला माफ केलंस की नाही?"

"कशाबद्दल?" काकूंनी विचारलं. "तुम्ही मागे काहीतरी बोलत होतात खरं. पण नळ चालू होता. मला एक अक्षर ऐकू आलं नाही."

काकांनी घड्याळजींकडे पाहिलं. घड्याळजींनी समजूतदारपणे त्यांचा हात दाबला.

"आता काय ते पहिल्यापासून सांगा," काकू स्टूल ओढून बसत म्हणाल्या. "आणि सावकाश सांगा. बाई तुमचा हात सोडवायची घाई करणार नाहीत."